दाराआडचं पाणी

हडपसरच्या त्या छोट्या चर्चमध्ये कुणी बाई वारली की पहिला निरोप पाळकांना जायचा आणि दुसरा सलोमीबाई पाटोळ्यांना. पाळकांना उशीर झाला तरी चालायचं. प्रार्थना काय, कुणीही सुरू करतं. सलोमीबाई आल्याशिवाय मात्र मढ्याला कुणी हात लावत नसे. त्या यायच्या, पदर खोचायच्या, रडणाऱ्यांना दंडाला धरून बाहेर काढायच्या आणि दार लावून घ्यायच्या.

वडील नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात मिशनच्या शाळेचे मास्तर होते. रविवारी पहाटे सुगंधी द्रव्यं घेऊन येशूच्या कबरेकडे निघालेल्या बायांमध्ये सलोमी नावाची एक होती, तिचं नाव त्यांनी लेकीला ठेवलं. पुण्यात आल्यावर कुणीतरी दीडशहाणा हसून म्हणायचा, ‘ती राजापुढं नाचणारी सलोमी का?’ त्यावर सलोमीबाई ताडकन सांगत, नाचणारीचं नाव शुभवर्तमानात दिलेलंच नाही, वाचून या आणि मग बोला. वाचून कुणी यायचं नाही, पण पुन्हा बोलायचंही नाही.

काम त्या शिकल्या मिशनच्या एका दवाखान्यात, आयाच्या नोकरीत. तिथून सुटल्यावर चर्चच्या मंडळीसाठी फुकट करत राहिल्या. मढ्याला त्या नेहमी कोमट पाण्याने आंघोळ घालायच्या आणि घालताना त्याच्याशी बोलायच्या. ‘आता डावा हात द्या बरं. मान जरा वळवते हं, लागलं तर सांगा.’ वयानं मोठी असेल तर अहोजाहो, लहान असेल तर अगं. एकदा कुणी विचारलं होतं, कोमट पाणी कशाला, तिला काय कळतंय? ‘तुम्हाला घालायची असली की गार घेईन,’ सलोमीबाई म्हणाल्या होत्या.

आईनं लेकराला शेवटची आंघोळ घालायची नाही, असा मंडळीत जुना रिवाज होता. नगरकडच्या खेड्यांतून लोक पुण्याला आले, त्यांच्याबरोबर तोही आला. पहिली आंघोळ जिनं घातली तिनं शेवटची घालू नये, असं म्हातारी माणसं म्हणत. आईनं दाराबाहेर बसायचं आणि आतलं पाणी ऐकायचं. पाणी थांबलं की दार उघडे, आधी आई तोंड बघे, मग बाकीचे. दाराबाहेर बसलेल्या आईला त्या पाण्याचा केवढा आधार असतो, हे सलोमीबाईंइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. त्यांचा एक मुलगा चौथ्या वर्षी गेला होता, तेव्हा त्या बाहेर बसल्या होत्या.

आता ज्यासाठी ही हकिकत सांगायला घेतली तिकडे येतो.

सत्त्याण्णव साल. हडपसर तेव्हा धड गाव राहिलं नव्हतं, धड शहर झालं नव्हतं. सलोमीबाईंचे यजमान बापूराव ज्या कारखान्यात वीस वर्षं होते तो बंद पडला होता, आणि ते आता एका कॉम्प्युटर कंपनीच्या गेटवर निळा शर्ट घालून येणाऱ्याजाणाऱ्या पोरांना सलाम ठोकत होते. उसाच्या शेतांत खुंट्या ठोकून दोऱ्या बांधल्या जात होत्या. गल्लीतली चंद्रभागाबाई लोंढे ही सलोमीबाईंची जिवाभावाची मैत्रीण. दोघी एकाच वर्षी, एकाच ट्रकमध्ये संसार भरून नगरहून आल्या होत्या. चंद्रभागेचा मुलगा अभय इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. थोरली कृपा सोलापूर रोडच्या एका टेम्पोवाल्याला दिली होती. तो टेम्पोवाला आदल्या वर्षी वाळून वाळून गेला आणि मग कृपा वाळायला लागली.

गल्लीत अभयनं सांगितलं, टीबी आहे. गल्लीनं मान हलवली आणि लोंढ्यांकडे चहा घेणं बंद केलं. त्या रोगाचं नाव तेव्हा मोठ्यानं कुणी घेत नसे. नोव्हेंबरात सरकारी दवाखान्यात कृपा गेली. सव्वीस वर्षांची होती.

चर्चच्या पायरीवर पंच कमिटी दहा मिनिटं बसली. ठरलं असं की पेटी चर्चमध्ये आणायची नाही, झाकण उघडायचं नाही, मागच्या खोलीतून थेट मातीला न्यायची. पाळक होते रेव्हरंड अमोस साळवे. वय तेहतीस, जर्मनीत तीन वर्षं धर्मशास्त्र शिकून नुकतेच परतलेले. त्यांनी कडकडून विरोध केला. त्यांचं बोलणं सगळ्यांनी आदरानं ऐकून घेतलं आणि बाजूला ठेवलं. शेवटी ते म्हणाले, ‘आंघोळ तरी घालू द्या तिला.’

‘घालणारीची तयारी असेल तर घालू देत,’ एक पंच म्हणाले.

सगळ्यांनी सलोमीबाईंकडे पाहिलं. चंद्रभागेनं तर त्यांचा हातच धरला होता. सलोमीबाई ‘हो’ म्हणाल्या.

दवाखान्याच्या माणसांनी कृपाला मागच्या खोलीतल्या फळीवर ठेवलं आणि ते गेले. जाड करड्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली, डोक्याशी, कमरेशी आणि पायाशी नायलॉनच्या पट्टीनं आवळून बांधलेली. वर चिकटपट्टीवर नंबर. एरवी हाताखाली येणारी बाई त्या दिवशी आली नाही. सलोमीबाईंनी पाण्याची बादली आत घेतली, साबण घेतला, चंद्रभागेनं दिलेली गुलाबी साडी घेतली आणि दार लावलं.

घरी त्यांची लेक बाळंतपणाला आली होती. नऊ दिवसांचं बाळ होतं. त्याला रोज सकाळी पायांवर घेऊन सलोमीबाईच न्हाऊ घालायच्या, आणि तांदूळ निवडण्यापासून सगळं त्याच हातांनी करायच्या. आदल्या दिवशी विळीवर अंगठा कापला होता, त्याला चिंधी बांधलेली होती. दवाखान्यातल्या जुन्या ओळखीच्या नर्सनं वाटेत गाठून सांगितलं होतं, ‘बाई, जखम असली तर जवळसुद्धा जाऊ नका.’ हातमोजे कुणी दिले नव्हते. हे सगळं खरं होतं. पुढं आयुष्यभर सलोमीबाईंनी स्वतःशी हे सगळं मांडून पाहिलं, आणि दर वेळी त्याचं वजन कमीच भरलं.

त्यांनी डोक्याजवळची गाठ सोडायला घेतली. बोटं ऐकेनात. पुन्हा घेतली. प्लास्टिकच्या आत काहीतरी सरकलं, का तसं वाटलं, आणि त्या भिंतीला जाऊन टेकल्या.

बाहेरून चंद्रभागेचा आवाज आला. ‘सलोमे, पाणी कोमट आहे ना गं?’

‘आहे.’

आता काय करायचं? दार उघडून ‘माझ्यानं होत नाही’ म्हणावं, तर बाहेर आई बसलेली. सलोमीबाईंनी तांब्या बुडवला आणि मोरीत ओतला. मग दुसरा ओतला. चंद्रभागेचं हुंदके देणं थोडं शांत झालं, तेही ऐकू आलं. मग तोंडातून सवयीनं शब्द यायला लागले, ‘आता डावा हात दे, कृपा. मान वळवते हं.’ बोलत होत्या आणि मोरीत पाणी ओतत होत्या. सगळी बादली संपवली. नंतर गुलाबी साडी उलगडून प्लास्टिकवर पसरली, कडा नीट आत दाबल्या आणि मागच्या दारानं पोपटला हाक मारली.

पोपट दफनभूमीत खड्डे खोदायचा. फुरसुंगीकडचा, तिशीतला, अबोल माणूस. त्यानं पायाकडून उचललं, सलोमीबाईंनी डोक्याकडून. साडीखाली प्लास्टिक करकरलं. पोपटनं एकदा वर पाहिलं. सलोमीबाईंनी खाली पाहिलं. झाकण लावून झालं, सुतारानं खिळे ठोकले.

दार उघडल्यावर चंद्रभागेनं त्यांचे दोन्ही हात धरले, डोळ्यांना लावले, त्यांचं चुंबन घेतलं. त्या हातांना साबणाचा वास येत होता, कारण साबण त्यांनी शेवटी नुसताच हाताला चोळला होता.

मातीच्या वेळी साळवे पाळक बोलले. ‘आपण सगळे दाराबाहेर उभे होतो. आपल्यातली एक बाई आत गेली. देवानं मनुष्य आपल्या प्रतिरूपाचा निर्माण केला, हे मी जर्मनीत तीन वर्षं शिकलो. आज मी ते पाहिलं.’ पंच कमिटी खाली मान घालून उभी होती. सलोमीबाईही खाली मान घालून उभ्या होत्या, आणि लोकांना तो त्यांचा विनय वाटला.

तेव्हाच सांगायला हवं होतं. तुम्ही म्हणाल, सांगायचं ना मग! पण खोटं एकदा दुसऱ्याच्या डोळ्यांना लागलं की ते ओढून काढायला धैर्य लागतं, आणि तेवढं धैर्य असतं तर ती गाठच सुटली नसती का?

त्या हिवाळ्यात पाळकांनी दर गुरुवारी संध्याकाळी अभ्यासवर्ग सुरू केला. विषय होता मनुष्याची प्रतिष्ठा. इस्त्री केलेल्या सदऱ्याची असते ती प्रतिष्ठा नव्हे, असं त्यांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट केलं. ही कमवावी लागत नाही आणि कुणी काढून घेऊ शकत नाही. जुने धर्मपंडित म्हणायचे, देवाची प्रतिमा माणसाच्या बुद्धीत आहे. नवे म्हणतात, बुद्धीत म्हणाल तर वेड्याचं काय, तान्ह्याचं काय? ती नात्यात आहे. देव ज्याला ‘तू’ म्हणून हाक मारतो तो माणूस, मग तो कसाही असो. आपले वाडवडील गावकुसाबाहेर राहिले; त्यांना कुणी प्रतिष्ठा दिली नव्हती, म्हणून ती त्यांच्यात नव्हती असं नाही. पाळक चांगले बोलायचे. सलोमीबाई मागच्या बाकावर उसवलेला पडदा शिवत ऐकायच्या.

एका गुरुवारी त्यांनी सुई थांबवून विचारलं, ‘पाळकसाहेब, माणूस मेल्यावर देव त्याला हाक मारायचं थांबवतो का हो?’

‘नाही. मुळीच नाही.’

‘मग मढ्यातही ती असते.’

‘असते. सलोमीबाई, हे तर आपणच आम्हाला दाखवलंत!’

सलोमीबाईंनी पुन्हा सुई चालू केली. त्या रात्री बापूरावांना जेवण वाढून त्या स्वतः न जेवता निजल्या.

पुढच्या सहा वर्षांत मंडळीत आणि आसपास त्या रोगाची आणखी चार माणसं गेली. बाया काय, पुरुष काय, चौघांनाही सलोमीबाईंनी आंघोळ घातली, खरीखुरी. पाळकांनी हातमोजे आणून दिले होते. गाठी सगळ्या हातानं सोडल्या, एकही कापली नाही. त्यांचं पाहून दवाखान्यातल्या दोन तरुण नर्सा यायला लागल्या, मग मंडळीतल्या पोरी. कुणी जागा दिली, कुणी खाटा दिल्या आणि घरातून हाकललेल्या रोग्यांसाठी आठ खाटांचं एक घर उभं राहिलं. पाळकांनी पुस्तक लिहिलं, त्यात एक प्रकरण ‘सलोमीचे हात’. दोन हजार तीन साली एका परिसंवादात सलोमीबाईंना शाल दिली. तीन तास इंग्रजीत भाषणं झाली. त्यांना त्यातलं आपलं नाव तेवढं कळत होतं, आणि ते फार वेळा येत होतं. शाल त्यांनी घरी आणून ट्रंकेच्या तळाशी घातली. थंडीतसुद्धा कधी अंगावर घेतली नाही.

हे एक वेळ सोसवलं असतं. सोसवत नव्हती ती चंद्रभागा. दर नोव्हेंबरात ती यायची, चहा घ्यायची आणि विचारायची.

‘केस विंचरले होतेस ना गं?’

‘विंचरले.’

‘एक वेणी का दोन?’

‘दोन घातल्या.’

‘तिला दोनच आवडायच्या,’ चंद्रभागा म्हणायची आणि तिचा चेहरा उजळायचा. दुसऱ्या वर्षी विचारायची, तोंड कसं होतं? शांत होतं, सलोमीबाई सांगायच्या. मग कानातलं, मग हनुवटीवरचा तीळ. आईला लेकीचं तोंड बघायला मिळालं नव्हतं, ते ती असं तुकड्या-तुकड्यानं मागून नेत होती, आणि सलोमीबाई दर वर्षी एक तुकडा तयार करून देत होत्या. पंधरा वर्षांत त्यांनी मैत्रिणीला एक अख्खी कृपा बनवून दिली.

दोन हजार बाराचा नोव्हेंबर संपत आला. अभय आता एका मोठ्या कंपनीत मॅनेजर होता. पूर्वी ऊस होता तिथं झालेल्या टॉवरमध्ये अकराव्या मजल्यावर त्याचा फ्लॅट होता आणि चंद्रभागा तिथं अंथरुणाला खिळली होती. हृदय थकलं होतं, पाय सुजले होते. डॉक्टरांनी नाताळपर्यंतची मुदत दिली होती. सलोमीबाई भेटायला गेल्या तेव्हा अभय म्हणाला, ‘मावशी, आईची इच्छा आहे ताईच्याच कबरेत ठेवा म्हणून. मी दफनभूमीच्या कमिटीला मेल टाकला. पंधरा वर्षं झाली की फॅमिली ग्रेव्ह री-ओपन करता येते. जुनी हाडं पिशवीत घालून खाली ठेवतात, वर नवीन पेटी. एव्हरीथिंग इज कन्फर्म्ड.’

जागा कमी, म्हणून कबरी पुन्हा उघडतात, हे सलोमीबाईंना माहीत होतं. तरी तिथून त्या तडक दफनभूमीत गेल्या. पोपट आता पंचेचाळिशीचा, केस पिकलेला, झाडाखाली फावड्याला दांडा बसवत होता. पंधरा वर्षांत दोघं त्या दिवसाबद्दल एक अक्षर बोलले नव्हते.

‘पोपट, लोंढ्यांची कबर उघडायचं तुला कळलं का?’

‘कळलं.’ त्यानं दांडा ठोकला. ‘मावशी, लाकूड कुजतंय. कापड कुजतंय. पिलाश्टिक कुजत न्हाई. म्या रोज बघतोय. जशी गाठ हाय तशी ऱ्हाती.’

‘तू तेव्हाच का नाही रे बोललास?’

‘म्या खड्डा खोदनारा मानूस. तुमी काय तरी इचार करून केलं आसंल.’

काहीही विचार केला नव्हता, हे त्याला सांगायला सलोमीबाईंकडे तोंड नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दोन बस बदलून त्या कॅम्पात साळवे पाळकांकडे गेल्या. ते आता पाळकी सोडून धर्मशास्त्र शिकवत. सलोमीबाईंनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. बादली, मोरी, साडी. पाळक उठून खिडकीशी गेले. भिंतीवरच्या फळीवर त्यांचं पुस्तक होतं, तिसरी आवृत्ती.

‘आणखी कुणाला माहीत आहे?’

‘पोपटला.’

‘मग पोपटला सांगू. तो एकटा उघडेल, नीट करेल, कुणाला दिसणार नाही.’ ते खुर्ची ओढून सलोमीबाईंच्या समोर बसले. ‘सलोमीबाई, पुस्तकासाठी म्हणत नाही मी. म्हणजे पुस्तकासाठीही म्हणतोय, खोटं कशाला बोलू? पण ते आठ खाटांचं घर खरं आहे. ते चौघं खरे आहेत. आणि ती माऊली चार दिवसांची सोबती. तिच्या हातून तिची कृपा काढून घ्यायची? आणि एक लक्षात घ्या. कृपाची प्रतिष्ठा आपण धुतलं म्हणून आली नसती आणि धुतलं नाही म्हणून गेलेली नाही. ती देवाच्या हातात होती.’

‘मग आम्ही धुतो कशाला?’

‘आपल्यासाठी. आपण कोण आहोत हे आपल्याला कळावं म्हणून.’

‘नाही पाळकसाहेब,’ सलोमीबाई म्हणाल्या. ‘माझ्यासाठी नाही. तिच्यासाठीच. ती तिथं होती. तुम्हीच शिकवलंत. ती तिथं फळीवर होती, आणि मी तिच्याशी बोलत बोलत पाणी मोरीत ओतलं. मला शाल मिळाली. तिला काहीच मिळालं नाही.’

पाळकांनी चष्मा काढला, पुसला आणि तो न घालताच हातात धरून बसले.

अकराव्या मजल्यावर दुपारी शांतता असायची. शेजारच्या खोलीत अभय कानाला हेडसेट लावून परदेशातल्या कुणाशी तरी बोलत होता. सलोमीबाई पलंगाच्या कडेला बसल्या. मनात चार वाक्यं जुळवून आणली होती, त्यातलं एकही आठवेना.

‘चंद्रा, मी कृपाला आंघोळ घातली नाही.’

चंद्रभागेनं उशीवरून मान उचलली.

‘प्लास्टिक सोडलंच नाही मी. घाबरले. तिला बघितलंच नाही मी. वेण्या, तीळ, सगळं खोटं सांगितलं तुला.’

‘पाणी ऐकलं ना मी.’

‘मोरीत ओतलं.’

‘बादलीभर?’

‘बादलीभर.’

चंद्रभागेनं तोंड भिंतीकडे वळवलं. सलोमीबाईंना वाटलं आता ही ओरडेल, शिव्या देईल, देऊ देत. त्या रडत राहिल्या. मैत्रिणीचा हात धरायचीही त्यांची हिंमत झाली नाही. मग चंद्रभागेनं हाक मारली, ‘अभय!’

तो हेडसेट गळ्यात अडकवून आला.

‘ती कबर माझ्या मरणाची वाट बघत ठेवू नका म्हणावं. याच आठवड्यात उघडा. मला तिथं नेऊन बसवा.’

‘आई, काय बोलतेस? डॉक्टर बेड रेस्ट म्हणालेत. आणि त्यांची एक प्रोसेस असते...’

‘तू तेव्हा लोकांना टीबी सांगितलंस. आता मला प्रोसेस सांगू नकोस.’

अभयचं तोंड पडलं. तो दारातच उभा राहिला. सलोमीबाई डोळे पुसत उठल्या आणि म्हणाल्या, ‘चंद्रा, मी येऊ का नको, ते सांग. नको म्हणालीस तरी...’

‘तू नाही आलीस तर धुणार कोण?’ चंद्रभागा भिंतीकडेच बघत म्हणाली. ‘पण या वेळी दार नको. मी बघणार.’

शुक्रवारी सकाळी आठ वाजता दफनभूमीत सहा माणसंही नव्हती. पोपटनं पहाटेच माती काढून ठेवली होती आणि तीन दगडांवर पाणी तापत ठेवलं होतं. अभयनं आईला चाकाच्या खुर्चीतून आणलं आणि जरा लांबच थांबवलं. ‘पुढं घे,’ ती म्हणाली. त्यानं पुढं घेतलं. ‘आणखी.’ फळीला गुडघे लागतील इतकं जवळ नेल्यावर ती गप्प बसली. साळवे पाळक आले होते. झगा नव्हता घातला, साधा पांढरा सदरा होता. पुस्तकाचं काय करायचं ते त्यांनी अजून ठरवलं नव्हतं. पोपटच्या हातातली बादली त्यांनी आपल्याकडे घेतली आणि ते सलोमीबाईंच्या शेजारी उभे राहिले.

पोपट आणि अभयनं कृपाला वर आणून फळीवर ठेवलं. लाकडाचा भुगा झाला होता. वर मातीनं तपकिरी झालेली नायलॉनची साडी, जशी पसरली होती तशी, कडा आत दाबलेल्या. चंद्रभागेनं ती पाहिली आणि डोळे मिटले. पुन्हा उघडले.

सलोमीबाई आता सदुसष्ट वर्षांच्या होत्या. त्या पाटावर बसल्या आणि डोक्याजवळच्या गाठीला हात घातला. पोपटनं ब्लेड पुढं केलं.

‘नको.’

गाठ दगडासारखी झाली होती. नखं लागेनात. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मग एक पदर सुटला, मग दुसरा. कमरेची सुटली, पायाची सुटली. सलोमीबाईंनी प्लास्टिक दोन्ही बाजूंना उघडलं.

हाडं होती. केस होते, लांब, मोकळे, कवटीपासून थोडे सरकलेले. वेण्या नव्हत्या.

पाळकांनी घसा साफ केला आणि प्रार्थनेसाठी डोकं झुकवलं. ‘हे पित्या...’

‘थांबा हो जरा, पाळकसाहेब,’ चंद्रभागा म्हणाली. ‘आधी आंघोळ होऊ दे.’

पाळक थांबले. त्यांनी तांब्या भरून सलोमीबाईंच्या हातात दिला. सलोमीबाईंनी पाण्यात बोट घालून पाहिलं. नेहमीचं ‘डावा हात दे’ या वेळी त्यांनी म्हटलं नाही. त्यांनी पायांपासून सुरुवात केली. एकेक हाड हातात घेतलं, साबण लावला, धुतलं, जिथलं तिथं ठेवलं. बोटांची बारीक हाडं ओंजळीत धुतली. पाणी फळीवरून खाली मातीत जात होतं. अभय केव्हा तरी खाली बसला होता, आणि प्रत्येक रिकामा तांब्या पाळकांकडे देत होता. त्याच्या खिशातला फोन दोनदा थरथरला; त्यानं तो बाहेर काढला नाही.

शेवटी डोकं राहिलं. सलोमीबाईंनी ते उचलून मांडीवर घेतलं, केस वर ठेवले आणि साबणाची वडी हातात घेतली. तेवढ्यात चंद्रभागा खुर्चीतून पुढं वाकली.

‘सांभाळून गं. डोळ्यांत साबण जाऊ देऊ नकोस. फार रडते ती.’

सलोमीबाईंनी डावा तळहात कपाळावर आडवा धरला, आणि मग पाणी सोडलं.